प्रयोगशाळा : ज्ञानदानाचे नवे क्षेत्र

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त बोरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चतुर्विध दानाची परंपरा जैन समाजाने शतकानुशतके जपली आहे. मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा ही त्या परंपरेचीच फळे होत. सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी ज्ञानदानाच्या एका उपेक्षित अंगाकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. ते अंग म्हणजे शाळेची प्रयोगशाळा.

ग्रामीण भागातील अनेक शाळांत विज्ञान फळ्यावर लिहिले जाते आणि वहीत उतरविले जाते. परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक फुटण्याच्या भीतीने कपाटात कुलूपबंद राहतात. विद्यार्थी आकृती पाठ करतो, गुणही मिळवितो. पण ती वस्तू त्याने पाहिलेली नसते. जैन दर्शनाने ज्ञानाला सदैव आचरणाची जोड आवश्यक मानली आहे. विज्ञानालाही तोच न्याय लागू पडतो.

घरातलेच उदाहरण घ्यावे. पाणी गाळून पिण्याचा आणि गाळण्यावर राहिलेले जीव हळुवारपणे मूळ पाण्यात सोडण्याचा नेम मुले लहानपणापासून पाहतात. विहिरीच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यातील हालचाल मुलाने स्वतः पाहिली, तर तो नेम रूढी न राहता त्याची प्रतीती होईल. बांगलादेशात डॉ. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील महिलांना जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळण्यास शिकविले. पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलजीवांना चिकटून राहतात, ते कापडावर अडकले. पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. अर्थात, सुटे जंतू कापडातून निसटतात, म्हणून पाणी उकळणेही आवश्यक आहे. श्रद्धा आणि तपासणी यांत वैर नाही, हा धडा प्रयोगशाळाच देऊ शकते.

‘हे सारे शहरातील शाळांना शक्य,’ असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावाने दिले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. ‘करता करता शिकणे’ हे त्यांचे सूत्र. खेड्यातील मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, माती-पाणी परीक्षण शिकली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने संगणकचलित यंत्रांची ‘फॅब लॅब’ याच आश्रमात आली. बोरीच्या काळ्या मातीत वाढणाऱ्या मुलांनाही हे अशक्य नाही.

समाजातील पालकांची आणखी एक अडचण प्रांजळपणे मांडली पाहिजे. बेडकाचे विच्छेदन करावे लागेल, या धास्तीने अहिंसाव्रती घरांतील मुले जीवशास्त्रापासून दूर राहत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली ते पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. आज शरीररचना संगणकाच्या पडद्यावर थर उलगडत पाहता येते. नव्या तंत्रज्ञानाने येथे अहिंसेलाच साह्य केले आहे. मात्र पडदा हा हाताला पर्याय नव्हे. लोहचुंबकाची ओढ, आम्लाने बदलणारा लिटमसचा रंग, वात पेटविताच कागदासारखा वास देणारा सुती धागा आणि वितळून कडक मणी होणारा पॉलिएस्टरचा धागा, हे सारे शिक्षकांच्या देखरेखीखाली हातानेच करावे लागते.

यासाठी प्रचंड निधी लागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. मनू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला ‘फोल्डस्कोप’ हा कागदी सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवितो आणि मुलाच्या खिशात मावतो. एक खोली, काही साहित्य, दरवर्षी फुटणाऱ्या काचसामानासाठी थोडी तरतूद आणि उत्साही शिक्षक, एवढ्यावर आरंभ होतो. काच फुटली तरी चालेल. जिज्ञासा विझता कामा नये.

पन्नास वर्षांपूर्वीच्या दात्यांनी पुढील पिढीचा विचार केला, म्हणून आजचा महोत्सव साजरा होत आहे. आजच्या दात्यांनी गावातील सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींसाठी प्रयोगशाळेचे दार उघडावे. ज्ञानदानाला याहून योग्य सुवर्णमहोत्सवी संकल्प क्वचितच असेल.

जय जिनेंद्र!