जुन्या संगणकाची घरगुती डिस्कपेटी

उल्हासनगरांत मागाल तो सुटा भाग मिळतो अशी ख्याति आहे. 1986 सालीं निघालेल्या ‘मॅकिंटॉश प्लस’ संगणकाची डिस्कपेटी मात्र मला तेथें मिळाली नाहीं. या संगणकाच्या पोटांत हार्ड डिस्क नसे; ती वेगळ्या पेटींत ठेवून ‘स्कझी’ तारेनें मागून जोडीत. माझ्या दिवंगत बंधूंचें सारें लेखन तशाच डिस्कवर, आणि तिच्या पेटीचा वीजपुरवठा जळालेला.

तेव्हां पेटी घरींच केली. अंबरनाथहून पत्रा आणला, बदलापुरास तो वांकवून घेतला. 5 व 12 व्होल्टांचा पुरवठा आणि लहान पंखा आंत बसविला. पत्र्यास अर्थिंगची तार जोडावीच. मास्तरकी अंगांत मुरली आहे, म्हणून बजावतों. संगणक स्वतः 7 हा क्रमांक घेतो, म्हणून डिस्कला 5 दिला. तरी पडद्यावर डिस्क दिसेना. दोन रात्री त्यांत गेल्या. शेवटीं उमगलें, तारेच्या टोंकास जो टर्मिनेटर लागतो, त्याला हा संगणक वीज देत नाहीं. ती डिस्कनेंच पुरवावी लागते. डिस्कवरील एक जंपर बदलला आणि पडद्यावर तिचें चित्र उमटलें.

दोन लेख उघडले नाहींत. बाकीचे रोज थोडे थोडे उतरवून घेत आहें.