आभार न मानणाऱ्यांच्या गावात
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



‘माझं वाचन’ या विषयावर बोल, असं कार्यकारिणीनं सांगितलं, तेव्हा माझ्याकडून बहुधा एखाद्या ऐतिहासिक कादंबरीची अपेक्षा असावी. मी नाव दिलं पॅट्रिशिया ब्रिग्ज या अमेरिकन लेखिकेच्या मर्सी थॉम्प्सन मालिकेचं. त्यात माणसांचे लांडगे होतात हे कळल्यावर आमच्या एका काकांनी विचारलंच, “अरे, गणपतीत लांडगे कशाला?” काका पहिल्याच रांगेत बसलेत. काका, मारीच सोन्याचं हरीण झाला नसता तर रामायण पंचवटीतच थांबलं असतं. रूप पालटणाऱ्यांचं आपल्याला कधी वावडं नव्हतं. नारायण धारपांचे समर्थ आपल्या घराघरांत वाचले गेले आहेत, आणि लांबलचक मालिकांचं म्हणाल तर बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचे गठ्ठे वडोदऱ्यातल्या कितीतरी माळ्यांवर अजून सापडतील.

आधी ओळख करून देतो. मालिकेतलं पहिलं पुस्तक ‘मून कॉल्ड’ २००६ सालचं. २०२४ साली ‘विंटर लॉस्ट’ आलं, ते चौदावं. शिवाय याच जगात घडणारी ‘अल्फा अँड ओमेगा’ नावाची दुसरी मालिका आहे. इंग्रजीत या प्रकाराला अर्बन फँटसी म्हणतात. यात राजवाडे, तलवारी, दूरदेशीची राज्यं नसतात. आजचं शहर असतं, त्यात पेट्रोल पंप, पोलीस, विम्याचे कागद सगळं असतं, आणि त्यातच शेजारच्या घरात लांडगा-माणूस राहत असतो.

शहरही खरंच आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, तर वायव्येकडच्या राज्यात, कोलंबिया नदीकाठी केनेविक, पास्को आणि रिचलंड अशी तीन गावं एकमेकांना लागून आहेत. त्यांना ट्राय-सिटीज म्हणतात. कोरडा मुलुख, खुरटी झुडपं. जवळच हॅनफर्डचा अणुप्रकल्प. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम तिथलं. पर्यटकांनी वाकडी वाट करून जावं असं हे गाव नाही, आणि लेखिकेनं हेच गाव निवडलं याचं मला कौतुक वाटतं.

नायिका मर्सिडीज थॉम्प्सन, म्हणजे मर्सी. नाव मर्सिडीज आणि दुरुस्त करते फोक्सवॅगन. हा विनोद पुस्तकातच आहे. शिक्षण इतिहासाच्या पदवीचं, धंदा गॅरेजचा. मी यांत्रिकीचा डिप्लोमावाला, सरकारी वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली आडवं पडण्यात माझी वीसेक वर्षं गेली, त्यामुळे या बाईकडे मी जरा संशयानंच पाहिलं. पण काम करणाऱ्याचे हात लेखिकेला ठाऊक आहेत. नखांत बसलेलं ग्रीस साबणानं जात नाही, जुन्या गाडीचं वायरिंग आधीच्या कुणीतरी भलतंच जोडून ठेवलेलं असतं, गिऱ्हाईक गरीब असलं की बिल करताना हात आखडतो, हे सगळं त्यात आहे. शेजारी राहणारा अ‍ॅडम हा तिथल्या लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या. स्वभावानं अतिशय टापटिपीचा. त्यानं हुकूमशाही केली की मर्सी स्पेअर पार्टसाठी ठेवलेली एक भंगार गाडी त्याच्या खिडकीतून नीट दिसेल अशी उभी करते, आणि राग वाढला की तिचं एखादं चाक काढून टाकते. टोळीच्या राजाशी असं भांडण! इथे मी पुस्तकाचा झालो.

मर्सी स्वतः लांडगा नाही. ती कोयोटी होते. कोयोटी म्हणजे अमेरिकेतला लांडग्याचा किरकोळ अंगाचा भाऊबंद, आपल्या कोल्ह्याच्या जवळ जाणारा. वडील मूळ अमेरिकन जमातीतले, ते तिच्या जन्माआधीच गेले. आईनं बाळाच्या जागी एक दिवस पिल्लू पाहिलं आणि घाबरून तिला मोंटाना राज्यातल्या लांडगा-माणसांच्या गावात वाढायला ठेवलं. तिथे सगळे तिच्याहून बलवान, जखमा पटकन भरून येणारे, शेकडो वर्षं जगणारे. हिच्याकडे यातलं काही नाही. तिच्याकडे एकच गोष्ट असते. त्या लोकांचे कायदे तिला त्यांच्याइतकेच, कधी कधी त्यांच्याहून जास्त चांगले पाठ असतात. दुसऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे करावंच लागतं. चार पिढ्या गुजरातीत व्यवहार करणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता फे. ‘फे’ म्हणजे पंखवाल्या गोंडस पऱ्या नव्हेत. आयर्लंड, स्कॉटलंड, जर्मनीच्या लोककथांतले हे जुने, देखणे किंवा भयंकर, आणि नेहमीच धोकादायक जीव. तिकडची खेड्यातली माणसं त्यांचं नावही घेत नसत, ‘चांगले शेजारी’ असं म्हणत. आपण रात्री सापाला लांबडं किंवा जनावर म्हणतो, आणि ज्या रोगानं घरं बसली त्याला आपल्या आज्यांनी ‘देवी’ म्हटलं, तसंच ते. लोखंड त्यांना सोसत नाही. ते खोटं बोलू शकत नाहीत. पण खरं बोलून फसवणं त्यांना उत्तम जमतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: त्यांचे आभार मानायचे नाहीत. ‘थँक यू’ म्हटलंत की तुमच्यावर त्यांचं ऋण आहे हे तुम्ही कबूल केलंत, आणि ते कधी, कशा रूपात वसूल होईल ते त्यांच्या मर्जीवर.

हा नियम वाचताना मला परकं काही वाटलंच नाही. आपल्या घरात आईला कोणी धन्यवाद म्हणत होतं का? “आभार कसले मानता, आपल्यात हिशेब असतो का?” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि ते बोलणाऱ्याच्या डोक्यात हिशेब चोख असतो हेही आपण सगळे जाणतो. लग्नाच्या आहेरांच्या वह्या काय उगाच जपून ठेवल्यात?

मर्सीला गॅरेजचं काम शिकवणारा झी हा फेच. वरून टकला, शिडशिडीत, खडूस जर्मन म्हातारा. लोखंडात काम करू शकणारा विरळा फे. दिवसभर तिच्यावर खेकसतो आणि तिच्यासाठी जीव टाकतो. संबंध मालिकेत माझं सगळ्यात आवडतं पात्र.

चौदा पुस्तकं एकाच बाईबद्दल का वाचायची, असं मला विचारतात. उत्तर या ऋणाच्या नियमातच आहे. बहुतेक मालिकांत नायक मार खातो आणि पुढच्या पुस्तकात ताजातवाना उठतो. इथे मागची बाकी पुढे ओढली जाते. तिसऱ्या पुस्तकात एक फे लोकांची काठी मर्सीच्या मागे लागते. टाकली तरी घरी परत येते. काठीचा मूळ गुण काय, तर ती ज्याच्याकडे असेल त्याच्या मेंढ्यांना जुळी कोकरं होतात! गॅरेजवाल्या बाईला याचा काय उपयोग? आपण हसतो आणि विसरतो. सहाव्या पुस्तकात तिच्या हातून ती काठी रक्तात भिजते, आणि मग ती काठी पूर्वीची राहत नाही. मर्सी ती एकाच्या हवाली करते. आठव्या पुस्तकात तिच्यावर वारसाहक्क सांगणारा फे दारात उभा राहतो आणि काठी परत मागतो. माणसाला खरंच असंच गाठलं जातं.

नववं पुस्तक ‘फायर टच्ड’. कोलंबियावरच्या केबल ब्रिजवर, आणि हा पूल केनेविक आणि पास्कोला जोडणारा खराखुरा पूल आहे, मोठी झुंज होते. त्या भरात मर्सी सगळ्यांसमोर बोलून जाते की हे गाव आमच्या टोळीच्या रक्षणाखाली आहे. झालं. शब्द गेला. नवऱ्याला विचारलेलं नाही, टोळीला विचारलेलं नाही. पुढची सगळी पुस्तकं तो शब्द पाळण्यात जातात आणि त्यात माणसं मरतात.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. आपल्या मंडळाच्या कपाटात या मालिकेतली काही पुस्तकं कोणीतरी भेट दिली आहेत. ती काढून टाकावीत अशी सूचना आली आहे, कारण तिसऱ्या पुस्तकाच्या, ‘आयर्न किस्ड’च्या शेवटी नायिकेवर बलात्कार होतो. सूचना करणाऱ्यांची काळजी मला समजते. बारा वर्षांच्या मुलीच्या हाती मीही ते पुस्तक देणार नाही. पण काढून टाकायला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण सांगतो.

लांडगे, रक्तपिपासू, फे अशी सगळी भयंकर मंडळी आजूबाजूला असताना हे कृत्य करणारा यातला कोणीच नसतो. तो साधा माणूस असतो. शिकलेला, संगीताची आवड असलेला, बोलायला गोड. फे लोकांच्या एका पेल्यातून तो तिला असं काही पाजतो की तिची स्वतःची इच्छाच उरत नाही, सांगेल ते ती करते. वरून पाहणाऱ्याला वाटावं की हिची संमती होती. लेखिकेनं जादूच्या आडून मांडलेला हा प्रश्न आपल्या कोर्टांत, आपल्या कट्ट्यांवर आणि आपल्या बायकांच्या भिशीतही रोज विचारला जातो: तिनं नको म्हटलं होतं का? पेला बाजूला ठेवून त्याचं उत्तर देता येतं का, हे वाचणाऱ्याला ठरवावं लागतं.

आणि पुढचं पुस्तक, ‘बोन क्रॉस्ड’, तिथूनच सुरू होतं. कोणी तिला सती करत नाही की देवी करत नाही. तिला अचानक श्वास कोंडल्यासारखं होतं, कोणी जवळ आलं की अंग आक्रसतं, स्वतःवर चिडते, आणि सकाळी गॅरेज उघडते. अ‍ॅडमसारखा हुकूम सोडणारा माणूस दोन पावलं मागे उभा राहून थांबायला शिकतो. आपल्याकडच्या कितीतरी कादंबऱ्यांत आणि सिनेमांत अशा बाईला तिसऱ्या अंकात विहीर जवळ करावी लागली आहे. म्हणून म्हणतो, पुस्तक राहू द्या. वर चिठ्ठी लावा, सोळा वर्षांपुढे, आणि तिसरं नेणाऱ्याला चौथंही सोबतच द्या. तिसरं एकटं वाचणं मला बरं वाटत नाही.

सहावं ‘रिव्हर मार्क्ड’ हे मला मनापासून भावलेलं पुस्तक. कोलंबियेच्या काठी, खडकावर कोरलेल्या जुन्या चित्रांच्या प्रदेशात ते घडतं. त्याच परिसरात सेलायलो नावाचा प्रपात होता, तिथे मूळ जमाती पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीला जमत. १९५७ साली द डॅल्सच्या धरणाच्या पाण्याखाली तो गेला. पुस्तकात नदीतला राक्षस वर येतो, आणि कोयोटी हा तिथल्या कथांतला लबाड, हावरट, सृष्टी घडवणारा देव स्वतः भेटतो. वाचताना मला सारखं आपलं हांफेश्वर आठवत होतं. नर्मदेच्या धरणात ते जुनं देऊळ गेलं. पाण्याखाली काय काय आहे हे सांगणारी म्हातारी माणसं छोटा उदेपूरकडे अजून भेटतात.

सगळंच गोड आहे असं नाही. नव्या पुस्तकात नवा खलनायक, आधीच्याहून जुना आणि आधीच्याहून ताकदवान, याचा कंटाळा येतो. टोळीत बाईचा मान नवऱ्याच्या पायरीवरून ठरतो, हे लेखिकेला खटकतं आणि तिनं ते दाखवलंही आहे. पण मर्सीभोवतीच्या इतक्या बायका तिचा मत्सरच का करतात, हे मला चौदा पुस्तकांत पटलेलं नाही. मैत्रिणी कमी आहेत तिला. मूळ जमातींच्या श्रद्धा बाहेरच्या लेखिकेनं किती वापराव्यात, हाही वाद आहेच, आणि तो मला योग्य वाटतो.

पण एक प्रसंग सांगतो, तो दुसऱ्या मालिकेतला. ‘फेअर गेम’, २०१२. बोस्टनमध्ये एका फे वकिलाच्या मुलीला पळवून नेऊन तिचे हाल केले जातात. गुन्हेगार मोठ्या घरचा. खटला चालतो आणि ज्युरी त्याला सोडून देतं, कारण बळी माणूस नव्हती. तो बाप न्याय आपल्या हातात घेतो, आणि सगळे फे सरकारनं नेमून दिलेल्या वस्त्यांत शिरून दारं लावून घेतात: आता आम्ही तुमचे नागरिक नाही. या एका निकालाची झळ मग दोन्ही मालिकांतल्या प्रत्येक पुस्तकाला लागते. झीसारखा म्हातारासुद्धा काही काळ गॅरेज सोडून जातो. वस्ती आधी सरकारनं कुंपण म्हणून बांधलेली, आणि तीच त्यांनी किल्ला केली. कायदा सगळ्यांना सारखा नाही हे एकदा उघड झालं की शेजार कसा तुटतो, ते इतक्या साध्या घटनेत मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

वाचायचीच असतील तर क्रमानं वाचा. मधलं उचललंत तर बाकी कुठली आणि जमा कुठली तेच कळणार नाही. इंग्रजी अवघड नाही, डिप्लोमाच्या इंग्रजीवर निभतं, मीच पुरावा. ‘मून कॉल्ड’ डावीकडच्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर आहे. नोंदवहीत नाव लिहून न्या, आणि काका, पंधरा दिवसांत परत करा, तुमच्यामागे चार जण रांगेत आहेत.