उन्हाळ्यातील उमेदवारी आणि विद्यावेतनाचा हक्क
(पुणे येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



तुमच्यापैकी अनेकांच्या घरातील पहिला मुलगा अथवा पहिली मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत आहे. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे पुष्कळ पालकांस वाटते. परंतु या शिक्षणाचा एक मोठा भाग वर्गाबाहेर, कारखान्यात घडतो. आणि नेमक्या त्याच भागात आपली मुले मागे राहतात.

पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण 1854 साली सुरू झाले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण येथे कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आपल्या धोरणात पदवीच्या काळात सुमारे 600 ते 700 तासांची इंटर्नशिप, म्हणजे उमेदवारी, सांगितली आहे. तिचा बराच भाग उन्हाळ्याच्या सुटीतच पार पडावयाचा असतो. कागदावरील आकृती आणि लेथवर तयार झालेला नग यांत फरक का पडतो, तपासनीस तो नग का नाकारतो, एक पाळी दुसऱ्या पाळीला काम कसे सोपविते, हे पुस्तकात वाचून समजत नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न याच अनुभवाविषयी विचारला जातो.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, अनेक ठिकाणी ही उमेदवारी बिनपगारी असते. सुखवस्तू घरातील मुलाला दोन महिने फुकट काम करणे परवडते. आपल्या घरात उन्हाळ्याची सुटी विश्रांतीची नसते. ती चार पैसे मिळविण्याची असते. त्या दोन महिन्यांत खोलीचे भाडे, खाणावळ आणि रोजचे बसभाडे कोणी द्यावे? शिष्यवृत्तीने फी भागते, सुटीतील पोट भागत नाही. दुसरी अडचण ओळखीची. कोणाचा मामा कारखान्यात व्यवस्थापक असतो, कोणाच्या वडिलांचा स्नेही संचालक असतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्या फाटकाच्या आत येऊ दिले नाही, त्यांनी ओळख कोठून आणावी? अशा स्थितीत आपला मुलगा कोठून तरी एक प्रमाणपत्र मिळवितो आणि सुटीभर दुकानात काम करतो. कागद पुरा होतो, शिक्षण अपुरे राहते. मग लोक म्हणतात की त्याच्यात गुणवत्ता नाही!

हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखला होता. 1942 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. आणि तेवढ्यावर न थांबता सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. 1944 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यामुळे महाविद्यालयाचे दार उघडले. कारखान्याचे दार अर्धेच उघडले.

कायदे झाले नाहीत असे नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन बंधनकारक केले, आणि पुढे ठरावीक व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागाही राखून ठेवल्या. परंतु पदवीधराची उमेदवारी मुख्यतः पदवीनंतरची. 2024 साली महाराष्ट्र शासनाने कार्य प्रशिक्षण योजना काढली आणि पदवीधरास दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठरविले. त्याच वर्षी केंद्र सरकारने दरमहा 5,000 रुपयांची इंटर्नशिप योजना काढली. या दोन्ही योजना निघाल्या तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेला विद्यार्थी त्यांतून वगळला होता. म्हणजे ज्याला अभ्यासक्रमाने कारखान्यात पाठविले, त्याच्याच भाकरीची सोय या योजनांनी केली नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. जी उमेदवारी पदवीचा भाग आहे, तिला विद्यावेतन असलेच पाहिजे. कारखाना देत नसेल तर शिष्यवृत्तीतून सुटीतील निर्वाहभत्ता मिळावा. जागा ओळखीने न वाटता महाविद्यालयाने सूचनाफलकावर जाहीर कराव्यात आणि निवडीची यादीही तेथेच लावावी. यात दयेचा प्रश्न नाही. काम करणाऱ्याने उपाशी राहून शिकावे, ही अट श्रीमंतास लागत नाही. म्हणून ती विषमतेची अट आहे.

मागणी करीत असता आपणही जागे राहिले पाहिजे. मुलांनो, मे महिन्याची वाट पाहू नका. जानेवारीतच महाविद्यालयाच्या प्रशिक्षण व नियुक्ती कक्षात जा आणि कोणते कारखाने विद्यावेतन देतात ते विचारा. कालावधी, विद्यावेतन, मार्गदर्शकाचे नाव आणि अपघात विमा हे सारे लेखी घ्या. उमेदवारीसाठी कोणी पैसे मागितल्यास एक पैसाही देऊ नका. रोज काय पाहिले, काय केले, ते वहीत टिपा. पालकांनो, त्या दोन महिन्यांची कमाई बुडते म्हणून मुलाला माघारी बोलावू नका. मुलीला कारखाना नको, असेही म्हणू नका. यंत्रास स्त्री-पुरुष भेद ठाऊक नाही. पुण्यात ज्यांचे घर आहे त्यांनी गावाकडून आलेल्या एका विद्यार्थ्याला दोन महिने आपल्या घरी ठेवावे. आणि आपल्यापैकी जे आज कारखान्यांत अभियंते आहेत, त्यांनी आपल्या विभागात किती जागा निघणार आहेत हे वस्तीतील विद्यार्थ्यांना वेळेवर कळवावे. ज्यांना मामा नव्हता, त्यांचे मामा आता तुम्हीच झाले पाहिजे.