मैनेचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

‘आपले आवडते गाणे आणि त्याचा आपल्याला लागलेला अर्थ’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला गाण्यातले काय कळते, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. रागदारी मला कळत नाही, छंदशास्त्रही मी शिकलेलो नाही. परंतु ज्या गाण्याविषयी मी बोलणार आहे त्यात मजुरी आहे, बाजार आहे, कर्ज न फेडल्यासारखी राहून गेलेली वचने आहेत आणि दोन माणसांची ताटातूट आहे. म्हणजे माझ्या विषयातले बरेचसे त्यात आहे आणि माझ्या विषयाने जे गाळले तेही आहे. ते गाणे म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड.

अण्णाभाऊंचा जन्म १९२० सालचा, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. बालवयात घरच्यांबरोबर पायी चालत त्यांनी मुंबई गाठली आणि पुढे गिरणगावात कष्टाची कामे केली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड गावोगाव पोचली. १९५६ साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका व्यासपीठावर होते. त्यामुळे हे गाणे कोणत्या पक्षाचे, असे विचारण्याचे कारण त्या काळी कोणाला पडले नाही.

गाण्याची रचना आपणांस ठाऊकच आहे. प्रथम मैनेच्या रूपाचे वर्णन येते, ते अस्सल लावणीच्या वळणाचे. मग गरिबी येते. पहाटे शिदोरी बांधून घरधनी मुंबईस निघतो. ती त्याला वाटेपर्यंत घालवायला येते. तो तिला हसवण्यासाठी दागिन्यांची वचने देतो. पुढे मुंबई येते, यंत्रांची आणि मोटारींची, धनिकांची आणि उपाशी माणसांची. आणि अखेरीस त्या विरहाचा धागा थेट राजकारणाला जोडला जातो. जशी माझी मैना माझ्यापासून तुटली, तसाच महाराष्ट्रही बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांपासून तुटला, असे शाहीर सांगतो. शृंगारापासून सीमाप्रश्नापर्यंतचा हा प्रवास इतका सहज आहे की आपण कोणत्या क्षणी एकातून दुसऱ्यात आलो हे श्रोत्याला कळतही नाही.

व्यासपीठांवर गाजला तो हा शेवटचा भाग. ते स्वाभाविकही होते. माझ्या मनात मात्र आयुष्यभर राहिला तो मधला भाग, आणि त्याला कारण घरचे आहे.

माझे वडील १९५४ साली सातारा जिल्ह्यातून मुंबईस आले आणि एका कापडगिरणीत लागले. प्रथम बदली कामगार, मग साचेखात्यात कायम. आमच्या गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात ते राहत. पाळीप्रमाणे तिथे झोपायची जागासुद्धा वाटून घ्यावी लागे. जेवण खानावळीत. आई गावी, दीड एकर कोरडवाहू जमीन, एक म्हैस, सासूसासरे आणि आम्ही तीन भावंडे सांभाळून होती. वडील वर्षाकाठी एकदा, यात्रेच्या सुमारास, महिनाभर येत. १९८२ च्या संपापर्यंत ही अठ्ठावीस वर्षे अशी गेली. वर्षाला एक महिना या हिशेबाने अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माझे आईवडील एकत्र राहिले ते अठ्ठावीस महिने. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतल्या असंख्यांची नोकरी गेली, तशी वडिलांचीही गेली आणि ते गावी परतले. त्यांचा विरह संपला, पण तो बेकारीने संपवला.

मी महाविद्यालयात आर्थर लुईस यांचा सिद्धांत कित्येक वर्षे शिकवला. १९५४ सालचा त्यांचा निबंध विकासाच्या अर्थशास्त्रात मैलाचा दगड मानला जातो आणि तो मान योग्यच आहे. शेतीत माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत. ती उद्योगात गेली तरी शेतीचे उत्पादन फारसे घटत नाही. शेतीतल्या निर्वाहापेक्षा काहीशी अधिक मजुरी दिली की कामगार हवे तेवढे मिळतात, असे थोडक्यात त्याचे सूत्र. ही मजुरी अधिक का द्यावी लागते, हे सांगताना गाव सोडून शिस्तीच्या शहरी जीवनात येण्याच्या मानसिक किमतीचा उल्लेखही लुईस करतात. पण ही किंमत जाणाऱ्याची. मागे राहणारीची किंमत त्या समीकरणात कुठेच बसत नाही.

अण्णाभाऊंच्या गाण्यात ती बसते. गिरणीमालक मजुरी देत होता ती एका माणसाच्या पोटाला पुरेल एवढी, आणि त्यातूनच मनिऑर्डर काढायची असे. पोरांना वाढवणे, आजारपण, म्हातारपण, संपाच्या दिवसांतले पोट, हा सारा खर्च गाव उचलत होते. आणि गाव म्हणजे प्रत्यक्षात गावावर राहिलेली बाई. मुंबईचे कापड स्वस्त पडे त्यात माझ्या आईचे न मोजलेले श्रम होते. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत दर हजार पुरुषांमागे सातशेपेक्षाही कमी स्त्रिया होत्या. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. गाण्यामुळे मला उमगले की त्या हजारांतल्या न दिसणाऱ्या स्त्रिया कुठे होत्या आणि काय करीत होत्या.

आता एक उणीवही सांगितली पाहिजे. या गाण्यात मैना स्वतः बोलत नाही. तिचे रूप, तिचे अश्रू, तिची वाट पाहणे, सारे आपल्याला कळते ते त्याच्या तोंडून. तिचे म्हणणे ऐकायचे तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. माझी आई हे गाणे ऐकताना कधी रडली नाही. ‘दागिन्यांचे पुढे काय झाले?’ एवढेच तिने एकदा विचारले. गाण्यावरची यापेक्षा मार्मिक टीका मी कोणत्या समीक्षकाकडून ऐकलेली नाही.

मित्रहो, गाण्याचा अर्थ आपल्या घरापुरता लागला, तर तो अर्धाच लागला. माझ्या आईवडिलांच्या ताटातुटीची गोष्ट केवळ मराठी माणसाची नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात १८८७ साली जन्मलेल्या भिखारी ठाकूर यांनी ‘बिदेसिया’ हे लोकनाट्य उभे केले. त्यात भोजपुरी मुलखातला तरुण कलकत्त्यास जातो आणि त्याची बायको गावी झुरत राहते. भाषा वेगळी, शहर वेगळे, पण हिशेब तोच. आज पुण्यामुंबईत बांधकामावर राबणारा बिहार-उत्तर प्रदेशचा मजूर पाहिला की मला माझ्या वडिलांचा गाळा दिसतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हीच माणसे भाकरतुकडा बांधून महामार्गांवरून चालत निघाली. तेव्हा शिदोरीची दिशा फक्त उलटी झाली होती. आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांकडे पाहा. मुकादमाची उचल घेऊन नवराबायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजली जातात. तिथे मैना मागे राहत नाही, तीही फडात जाते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेची वयाची पोरे.

म्हणून या गाण्याच्या एका वापराची मला चिंता वाटते. अस्मितेच्या सभांत त्याचा शेवट मोठ्या आवाजात गायला जातो आणि त्याच सभेतून परप्रांतीय मजुराला हाकलण्याची भाषा होते. ज्या शाहिराने पोटासाठी गाव सोडणाऱ्याची व्यथा गायली, त्याच्या शब्दांनी दुसऱ्या स्थलांतरिताला धमकावणे हा त्या गाण्याचा विपर्यास आहे. सीमाभागाचे दुःख खरे आहे. बेळगाव-कारवारचा प्रश्न आजही सुटलेला नाही. परंतु अण्णाभाऊंनी ते दुःख समजावून सांगितले ते कोणाचा द्वेष करून नव्हे, ताटातूट म्हणजे काय हे घराघराला ठाऊक होते म्हणून. प्रदेशाचे तुटणे लोकांना कळले, कारण माणसाचे तुटणे त्यांनी आधी भोगले होते.

कार्यकर्ता म्हणून मला या गाण्यातून तीन मागण्या ऐकू येतात. मजुरी ठरवताना ती एकट्या माणसाची नव्हे, कुटुंबाची ठरवा. जिथे काम तिथे परवडणारे भाड्याचे घर, रेशन आणि मुलांची शाळा द्या, म्हणजे संसार दोन ठिकाणी विभागावा लागणार नाही. आणि मागे राहिलेल्या बाईचे श्रम हिशेबात धरा; सातबाऱ्यावर तिचे नाव लावण्यापासून त्याची सुरुवात करता येईल.

आपल्या मेळाव्यांत ‘माझी मैना’ यापुढेही गायली जाईल, आणि गायली जावी. फक्त ती पहिल्यापासून शेवटपर्यंत गा. आणि गाणे संपल्यावर सभेतल्या बायांना विचारा की दागिन्यांचे पुढे काय झाले. उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ सभेत राखून ठेवा.