हाताजोगा कळफलक : यांत्रिक कीबोर्डची निवड आणि घडण

संगणकावर काम करणाऱ्याच्या बोटांचा दिवसभर संबंध येतो तो कीबोर्डशी, आणि संगणक विकत घेताना सर्वांत कमी चौकशी होते तीही कीबोर्डचीच. प्रोसेसर, मेमरी आणि स्क्रीन यांची बारकाईने पारख करणारा ग्राहक कीबोर्ड मात्र जो मिळेल तो मुकाट्याने घेतो. या सवयीला अपवाद असलेला हौशी मंडळींचा एक वर्ग आज जगभर आहे. तो कीबोर्ड पारखून निवडतो, उघडून पाहतो, त्याचे भाग बदलतो आणि आपल्या हाताला बसेल असे रूप त्याला देतो. या छंदामागचे तंत्र उलगडून सांगणे आणि मराठीत लिहिणाऱ्याला त्याचा काय लाभ होऊ शकतो हे दाखवणे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम ‘यांत्रिक कीबोर्ड’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. कार्यालयांत दिसणाऱ्या स्वस्त कीबोर्डमध्ये सर्व कळांखाली रबराच्या लहान घुमट्यांचा एकच पडदा असतो. कळ दाबली की घुमटी खचते, तिच्याखालचे प्लास्टिकचे दोन पातळ थर एकमेकांना टेकतात आणि संदेश जातो. ही रचना स्वस्त असली, तरी साधारणपणे कळ तळाला टेकेपर्यंत संदेश जात नाही, रबर जुने झाले की दाब बदलतो आणि एखादीच कळ बिघडली तरी तेवढीच दुरुस्त करता येत नाही. यांत्रिक कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत खालीवर सरकणारी दांडी, तिला परत वर ढकलणारी स्प्रिंग आणि विद्युत्-संपर्क जुळवणारी धातूची पातळ पट्टी. प्रत्येक कळ हे असे सुटे यंत्र असल्यामुळेच तिची निवड, बदल आणि दुरुस्ती शक्य होते. या छंदाचा सारा पाया या एका गोष्टीवर उभा आहे.

या यंत्राचा इतिहास घरगुती संगणकाच्या इतिहासाइतका तरी जुना आहे. आयबीएम कंपनीने 1981 मध्ये आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्यासोबत दिलेल्या ‘मॉडेल एफ’ या कीबोर्डमध्ये कळ ठरावीक खोलीपर्यंत गेली की स्प्रिंग एकदम वाकत असे, आणि त्या वाकण्याचा झटका बोटाला व आवाज कानाला एकाच वेळी कळत असे. पुढे आलेल्या ‘मॉडेल एम’नेही वाकणारी स्प्रिंग कायम ठेवली, मात्र तिच्याखालचा संपर्क पडद्याच्या स्वस्त रचनेने साधला. त्या काळचे हे कीबोर्ड आजही अनेकांच्या टेबलावर चालू अवस्थेत आहेत. दुसरी धारा चेरी या कंपनीची. 1980 च्या दशकात तिने आणलेल्या ‘एमएक्स’ स्विचांच्या दांडीचे टोक अधिकचिन्हाच्या आकाराचे होते. 2014 च्या सुमारास या रचनेवरील एकस्व, म्हणजे पेटंटचा हक्क, संपल्यावर चीनमधील गॅटेरॉन, काइल्ह यांसारख्या उत्पादकांनी त्याच मापाचे असंख्य स्विच बाजारात आणले. परिणामी अधिकचिन्हाचा तो आकार जणू सर्वमान्य मापच ठरला आणि एका कंपनीची कळ दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर बसू लागली.

स्विचांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्या, सरळ प्रकारात दांडी कोणत्याही अडथळ्यावाचून खाली जाते. दुसऱ्या, स्पर्शजाणिवेच्या प्रकारात वाटेत एक उंचवटा लागतो आणि त्यावरून बोट घसरते तेव्हा अक्षर उमटल्याचे हाताला समजते. तिसऱ्या, टिचकीच्या प्रकारात त्या जाणिवेला स्पष्ट आवाजाची जोड असते. चेरी कंपनीने दांडीच्या रंगावरून हे प्रकार ओळखण्याची रीत घातली. लाल व काळा सरळ प्रकारचे, तपकिरी स्पर्शजाणिवेचा आणि निळा टिचकीचा. यांपैकी लाल स्विचला सुमारे 45 सेंटिन्यूटन, तर काळ्याला सुमारे 60 सेंटिन्यूटन बळ लागते. कळीचा एकूण प्रवास 4 मिलिमीटर असून लाल व काळ्या स्विचमध्ये संपर्क साधारण 2 मिलिमीटरवरच जुळतो, म्हणून सरावलेल्या बोटाला कळ तळापर्यंत ठेचण्याची गरज उरत नाही. मात्र रंगांच्या या खुणा सर्व कंपन्यांनी काटेकोर पाळलेल्या नाहीत. त्यामुळे रंगावर न विसंबता बळ आणि प्रवास यांचे आकडे पाहावेत, आणि शक्य असेल तेथे वेगवेगळ्या स्विचांची नमुनापट्टी मागवून प्रत्यक्ष बोटाने निर्णय घ्यावा.

स्विचच्या आधी ठरवायची गोष्ट म्हणजे कीबोर्डचा आकार. अमेरिकी पद्धतीच्या पूर्ण कीबोर्डवर 104 कळा असतात. उजवीकडचा अंकसंच काढला की 87 उरतात, आणि बाणांच्या, त्यांच्या वरच्या सहा कळांच्या संचातील व सर्वांत वरच्या ओळीतील कळाही वगळल्या की सुमारे 61 कळांचा आटोपशीर कीबोर्ड होतो. हिशेबनीस आणि नोंदी करणारा कारकून यांना अंकसंचावाचून चालत नाही. लेखकाला मात्र तो नसल्याने माउस उजव्या हाताच्या जवळ येतो आणि खांद्यावरचा ताण कमी होऊ शकतो. मनगट किंवा खांदा दुखणाऱ्यांसाठी दोन भागांत विभागलेले कीबोर्ड असतात, ज्यांत दोन्ही हात खांद्यांच्या रुंदीवर ठेवता येतात. महागडा स्विच बसवला म्हणून दुखणे थांबत नाही, हेही येथे निक्षून सांगितले पाहिजे. खुर्चीची उंची, मनगटाची ठेवण आणि मधली विश्रांती यांची जागा कोणतेही उपकरण घेऊ शकत नाही.

बोट ज्या पृष्ठभागावर टेकते त्या टोपीला कीकॅप म्हणतात आणि ती प्रायः दोन प्रकारच्या प्लास्टिकची असते. एबीएस हे प्लास्टिक साच्यात नीट बसते व त्यात रंग उठून दिसतात, पण वापराने ते गुळगुळीत होऊन चकाकू लागते. पीबीटी अधिक कठीण व किंचित खरखरीत असते आणि वर्षानुवर्षे तसे राहते, मात्र स्पेसबारसारख्या लांब टोपीत ते वाकण्याचा धोका असतो. अक्षरे उमटवण्याच्या टिकाऊ पद्धतीही दोन आहेत. पहिलीत दोन रंगांचे प्लास्टिक एकापाठोपाठ एक साच्यात ओततात, म्हणून अक्षर टोपीचाच भाग होते आणि कधीही पुसत नाही. दुसरीत उष्णतेने रंग प्लास्टिकच्या आत मुरवतात. पहिल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला वेगळा साचा लागत असल्याने मागणी थोडी असलेल्या लिपीसाठी ती परवडत नाही. देवनागरी कीकॅप हव्या असतील तर दुसरी पद्धत अधिक व्यवहार्य आहे. टोप्या घेताना शेवटच्या ओळीची मापे तपासणे आवश्यक असते. साधी कळ 19.05 मिलिमीटरच्या जागेत बसते आणि प्रमाणित स्पेसबार तिच्या सव्वासहा पट असतो, परंतु काही कंपन्या ही ओळ वेगळ्या मापाने करतात आणि मग बाजारात मिळणारा संच तिच्यावर बसत नाही.

आवाज आणि स्पर्श केवळ स्विचवर अवलंबून नसतात. स्विच ज्या पट्ट्यात बसतात तो पितळेचा असला तर स्पर्श टणक होतो, पॉलिकार्बोनेटचा असला तर लवचीक. पट्टा खोक्याला स्क्रूने घट्ट आवळलेला आहे की मऊ गॅस्केटवर टेकलेला आहे यावरही कंपने कोठे जातात ते ठरते. स्पेस, एन्टर, शिफ्ट या लांब कळा एका बाजूला कलू नयेत म्हणून त्यांच्याखाली तारेची एक जोडणी असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात, आणि नव्या कीबोर्डमधला कर्कश खडखडाट बहुधा तिथूनच येतो. स्विच उघडून दांडीच्या सरकत्या कडांना बारीक ब्रशने वंगणाचा अगदी पातळ थर देणे आणि स्टॅबिलायझरच्या तारेच्या टोकांना थोडे घट्ट वंगण लावणे, ही या छंदातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधारणा होय. स्पर्शजाणिवेच्या स्विचमध्ये उंचवट्यावर वंगण गेले तर जाणीवच बोथट होते, म्हणून तेथे हात राखून वापरावे. नवशिक्याने डाख न देता, म्हणजे सोल्डरिंगवाचून, स्विच काढता-घालता येतील असे सॉकेट असलेला कीबोर्ड घ्यावा. त्यामुळे प्रयोग फसला तरी नुकसान एका स्विचपुरते राहते.

येथवरचे बदल हाताने होतात. त्यानंतरचा बदल कीबोर्डच्या आतल्या आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये होतो. क्यूएमके ही मुक्त आज्ञावली चालवणाऱ्या कीबोर्डमध्ये कोणत्या कळीने कोणता संकेत पाठवावा हे वापरणारा स्वतः ठरवू शकतो, एकाच कळीला वेगवेगळ्या स्तरांत वेगवेगळी कामे देऊ शकतो आणि एका कळीने संकेतांची मालिकाही पाठवू शकतो. कीबोर्ड संगणकाला अक्षर कधीच पाठवत नाही, तो कळीचा संकेत पाठवतो. त्या संकेताचा ‘क’ करायचा की रोमन ‘के’, हे संगणकाची कार्यप्रणाली ठरवते. म्हणून टोपीवर देवनागरी नसली तरी कोणत्याही यांत्रिक कीबोर्डवर मराठी लिहिता येते.

मराठीचा खरा संबंध येतो तो इथेच. भारतीय मानकाने स्वीकारलेल्या इन्स्क्रिप्ट या रचनेत स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. क आणि ख, त आणि थ, ब आणि भ अशा जोड्या एकाच कळीवर असून महाप्राण, म्हणजे हकारयुक्त वर्ण, शिफ्टसह येतात. ही मांडणी वर्णमालेच्या शास्त्रावर आधारलेली असल्याने लवकर स्मरणात राहते, पण तिच्यात शिफ्टवर भार फार पडतो, कारण ण, ळ, श आणि ष हे मराठीत पदोपदी लागणारे वर्णही शिफ्टसहच मिळतात. ‘भाषण’ हा शब्द लिहिताना चार ठोक्यांपैकी तीन ठोक्यांना शिफ्ट लागते, आणि ती दाबून धरण्याचे काम हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटाला, करंगळीला करावे लागते. ज्या कीबोर्डचा स्पेसबार दोन तुकड्यांत विभागलेला आहे त्यावर एका तुकड्याला शिफ्टचे काम देता येते आणि ती ‘एकदा दाबून सोडली की फक्त पुढच्या अक्षराला लागू होईल’ अशी सोयही करता येते. मग हा भार करंगळीवरून अंगठ्याकडे जातो. इंग्रजीपुरता विचार करणाऱ्याला ही सुधारणा किरकोळ वाटेल. दिवसाला हजारो मराठी शब्द लिहिणारे पत्रकार, अनुवादक आणि मुद्रितशोधक यांच्या दृष्टीने मात्र हीच सर्वांत मोलाची आहे.

या छंदात खर्चाला अंत नाही, हे खरे. नवनवे संच, दुर्मीळ रंग आणि आगाऊ पैसे भरून महिनोन्‌महिने वाट पाहण्याची सामूहिक खरेदी यांत साधनापेक्षा संग्रह मोठा होण्याची भीती असते. शिवाय टिचकीचा आवाज वापरणाऱ्याला सुखावतो, पण शेजारी बसलेल्याला तो सोसावा लागतो. सामायिक कार्यालयात सरळ किंवा कमी आवाजाचे स्विच वापरणे हा साधा शिष्टाचार आहे. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट निर्विवाद राहते. ज्याच्या प्रत्येक भागाचे कार्य ठाऊक आहे आणि बिघडलेला भाग ज्यातून काढून बदलता येतो असे उपकरण आजच्या बंदिस्त, चिकटवून टाकलेल्या वस्तूंच्या काळात विरळ आहे, आणि यांत्रिक कीबोर्ड हे त्या विरळ उपकरणांपैकी एक आहे.

म्हणून निवड करणाऱ्याने आधी आपले काम पाहून आकार ठरवावा, मग बोटाने स्विच पारखावा, त्यानंतर टोप्यांचा विचार करावा आणि शोभेला शेवटचे स्थान द्यावे. मराठीत नियमित लिहिणाऱ्याने तर एवढ्यावर न थांबता कळांची मांडणी मराठीच्या गरजेप्रमाणे बदलून पाहावी, आणि जी मांडणी उपयोगी ठरेल ती इतरांनाही मोकळेपणाने द्यावी. मराठी लिहिणाऱ्या हातांची सोय परक्या कारखान्यांकडून आपोआप होणार नाही. ती मराठी लिहिणाऱ्यांनीच घडवली पाहिजे.