पिंगळा उडून गेला नाही



१९२१ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर प्रागला गेले होते. त्यांचं भाषण ऐकायला आलेल्यांत सदुसष्टीला टेकलेले एक गृहस्थ होते. रवींद्रनाथ काय म्हणाले यापेक्षा ते कोणत्या सुरात म्हणाले, आवाज कुठे चढला, कुठे खाली आला, हे त्यांनी स्वरलिपीत टिपून घेतलं आणि पुढे त्यावर वर्तमानपत्रात लेखही लिहिला. हा लेओश यानाचेक. मोरावियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या ब्रनो शहराचा संगीतकार. पुढच्याच वर्षी त्याने रवींद्रनाथांच्या एका कवितेवर पुरुषांच्या समूहगानासाठी रचना केली. परीस शोधत आयुष्य काढलेल्या वेड्याची ती कविता. कमरेची लोखंडी साखळी सोन्याची झालेली दिसते, पण परीस कधी हाती आला नि कधी फेकला गेला हे त्या वेड्याला कळलेलंच नसतं. सगळी ताकद संपलेला तो माणूस मग मागे फिरतो, पुन्हा शोधायला. अडुसष्टाव्या वर्षी ही कविता निवडणाऱ्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते.

बोलण्यातले सूर टिपण्याचं हे वेड त्याला बऱ्याच आधीपासून होतं. रस्त्यात, बाजारात, स्टेशनावर कुणी चार शब्द बोललं की यानाचेक खिशातली वही काढायचा. शब्द खाली आणि सूर वर. त्याचं म्हणणं असं, की माणूस खोटं बोलू शकतो, पण त्याच्या बोलण्याचा सूर आतलं सगळं सांगून टाकतो. पाश्चात्त्य संगीताचं व्याकरण मी आज सांगणार नाही. बोलण्यातला सूर तुम्हाला ऐकू येतो ना, मग यानाचेकपुरतं तेवढं पुरतं.

त्याला दोन मुलं. धाकटा व्लादिमीर अडीच वर्षांचा होऊन १८९० मध्ये गेला. ओल्गा वाढली, शिकली, रशियन शिकायला म्हणून १९०२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला काकांकडे गेली आणि तिथे तिला विषमज्वर झाला. घरी आणली, पण ती उठली नाही. त्या दिवसांत यानाचेक ‘येनूफा’ हा ऑपेरा पुरा करत होता. आपल्याला काही तो ऐकायला मिळायचा नाही, असं म्हणत तिने तो वडिलांकडून पियानोवर वाजवून घेतला. २६ फेब्रुवारी १९०३ ला ती गेली. वीस वर्षांची होती. आणि तिच्या शेवटच्या दिवसांतलं बोलणं, अगदी शेवटचा उसासासुद्धा, वडिलांनी वहीत टिपला.

हे ऐकून काही लोक दचकतात. मुलगी जाते आहे आणि बाप सूर लिहितो आहे! मला त्यात निष्ठुरपणा दिसत नाही. कुणी पाय चेपत बसतं, कुणी जप करतं. त्याच्या हाताला जे येत होतं ते त्याने केलं.

आता आजच्या तुकड्याबद्दल. ‘गवताळलेल्या वाटेवर’ नावाची त्याची पियानोच्या छोट्या तुकड्यांची मालिका आहे. हे नाव लग्नाच्या एका लोकगाण्यावरून आलं, असं तो सांगतो. सासरी गेलेली मुलगी त्यात म्हणते, की आईच्या घराकडची वाट आता गवताने भरून गेली. जात्यावरची ओवी ऐकत वाढलेल्या बाईला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. यातले पाच तुकडे मूळचे पेटीसाठी लिहिलेले, पायाने भाता चालवायच्या पेटीसाठी. आपल्या संगीत नाटकांत जी पायपेटी असायची, तिच्या जातीचंच ते वाद्य.

या मालिकेचं पुस्तक छापलं गेलं १९११ मध्ये. त्यातला दहावा आणि शेवटचा तुकडा म्हणजे ‘पिंगळा उडून गेला नाही’. तिकडची समजूत अशी, की आजारी माणसाच्या घराजवळ हे छोटं घुबड येऊन बसलं आणि हाकलूनही गेलं नाही, तर आजारी माणूस वाचत नाही. साहजिकच सगळे म्हणतात, हा ओल्गाच्या मृत्यूवरचा तुकडा. पण तो पेटीसाठी छापून आला तेव्हा ओल्गाचं ते आजारपण सुरूही झालं नव्हतं! सूर आधीचे. ते कशाचे आहेत हे त्याला नंतर कळलं, मग त्याने त्यांना हे नाव दिलं आणि पुस्तकाच्या शेवटी ठेवलं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. आपणच केलेली एखादी गोष्ट काय होती, हे कळायला कधी कधी आधी काहीतरी हरवावं लागतं.

हा तुकडा वाजवणाऱ्या काही पियानोवादकांवर माझा राग आहे, तो सांगूनच टाकते. दुःखाची कथा माहीत असते, म्हणून ते लय सोडतात. प्रत्येक सूर ओला करून ठेवतात. दुःख म्हणजे संथ, हे समीकरण आपल्याकडेही आहेच. दुखवटा असला की पूर्वी रेडिओवर दिवसभर सारंगी वाजायची. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी सारंगीचा धसका घेतला, तो कायमचा. ठुमरीमागे हसणारी, खट्याळ सारंगी त्यांनी कधी ऐकलीच नाही. केवढा हा अन्याय त्या वाद्यावर! यानाचेकचं दुःख अजिबात संथ नाही. ते तुटक आहे, घाईचं आहे, मध्येच विसरून भलतीकडे जाणारं आहे. ज्यांच्या घरात कुणी गेलं आहे, त्यांना हे माहीत असतं.

आमचे हे गेले, त्यानंतर मला त्यांची मोठी भाषणं आठवली नाहीत, आणि त्यांना तर भाषणांची फार हौस. आठवायचं ते दार उघडताना म्हटलेलं ‘आहेस का गं?’. ‘आहेस का’ एका सुरात सरळ, आणि ‘गं’ थोडा वर चढलेला, जणू उत्तर ठाऊक असल्यासारखा. एका दुपारी मी माहेरची पेटी काढली आणि तो ‘गं’ शोधत बसले. शाळेत वर्षानुवर्षं प्रार्थनेला पेटी धरली होती, पण दुसऱ्यांच्या चालींसाठी. स्वतःसाठी काही शोधायला त्या दिवशी पहिल्यांदा बसले. सूर सापडला. मग भाजीवालीची हाक शोधली, नातीचं ‘नको ना’ शोधलं. माझा कान एवढा जागा आहे, हे मला त्या वयात कळलं.

यानाचेकचं खरं आयुष्य साठीनंतरचं. ‘येनूफा’ ब्रनोत १९०४ मध्ये झाला, पण प्रागच्या रंगभूमीवर यायला १९१६ उजाडलं. तेव्हा तो बासष्टीकडे झुकला होता. तिथून १९२८ मध्ये जाईपर्यंतच्या बारा वर्षांत त्याने इतकं लिहिलं, की आज जग त्याला मुख्यतः त्यावरूनच ओळखतं. चरित्रकार याचं श्रेय कामिला या त्याच्याहून पुष्कळ लहान असलेल्या विवाहितेला देतात. सातशेहून अधिक पत्रं त्याने तिला लिहिली, ते खोटं कसं म्हणू? पण मला वाटतं, त्या वह्यांनी त्याला तारलं. मुलीचा उसासा ऐकणारा कान त्याने बंद केला नाही. त्याच कानाने पुढे कोल्हिणीची गोष्ट ऐकली, बेडकं ऐकली. ‘चतुर कोल्हीण’ या ऑपेराच्या शेवटी म्हातारा वनरक्षक रानात डुलकी घेतो, जागा होऊन कोल्हिणीच्या पिल्लाला पकडायला जातो, तर हाती येतो छोटा बेडूक. तो सांगतो, की तुला भेटला होता तो मी नव्हे, तो माझा आजोबा. यानाचेकच्या अंत्यविधीच्या वेळी हाच प्रवेश गायला गेला. दुःखाचा सूर नव्हे, हा!

तर आता तुकडा ऐकू या. वाजवणारा रुडॉल्फ फिर्कुश्नी लहानपणी यानाचेककडेच शिकला. तो लय सोडत नाही. सुरुवातीला पंखांची फडफड येईल आणि पाठोपाठ पिंगळ्याची छोटीशी हाक. ती ओळखायला कष्ट नाहीत. कान द्या तो त्यानंतरच्या शांत, प्रार्थनेसारख्या ओळीला. पिंगळा तिला अडवतो, तरी ती परत येते. परत आली की काय करते ते ऐका. हे ज्या घरात चाललं आहे त्या घरातलं रोजचं आयुष्य म्हणजे ती ओळ, असं मी समजते. शेवटची हाक कुणाची, हे मी सांगत नाही. गॅसवर काही असेल तर चारेक मिनिटं बंद करा, आणि रेडिओ थोडा मोठा करा.