खानदेशातील रेडिओ : काही आठवणी



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे आणि रेडिओपुढे. चालकांना आमच्याकडून कामगार कायद्यांवर काही हवे होते. आम्हीच म्हटले, कायद्यावर बोलायला वकील पुष्कळ आहेत, आम्ही रेडिओवर बोलतो. कामगाराचा आणि रेडिओचा काय संबंध, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. तो संबंध सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

आपल्या देशात रीतसर प्रक्षेपण सुरू झाले ते मुंबईस, २३ जुलै १९२७ रोजी, एका खाजगी कंपनीच्या हातून. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, आणि १९३६ साली त्याचे ऑल इंडिया रेडिओ असे नामकरण झाले. पुणे केंद्र १९५३ साली निघाले. हे सगळे आमच्यापासून दूर. मुंबईचा आवाज दिवसा खानदेशापर्यंत येई तो कढईत मोहरी तडतडावी तसा. रात्री मात्र तोच आवाज स्वच्छ होई. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या म्हणत, रात्री गाड्यांचा गलबला थांबतो म्हणून ऐकू येते. खरे कारण निराळे आहे. मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या एका थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून रात्री आमच्याकडे सिलोन येई, दिल्ली येई, आणि सातपुड्यापलीकडून इंदूर तर अगदी शेजारच्या ओसरीवरून बोलावे तसे येई. इंदूरचे केंद्र १९५५ पासूनचे. त्यावर माळवी बोलीत शेतकऱ्यांच्या गप्पा चालत. मोठी माणसे त्या ऐकत आणि म्हणत, बघा, माळव्याच्या गड्याला त्याच्या बोलीत कोणी विचारतो तरी.

रेडिओ ऐकायला त्या काळी परवाना लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. पोस्टात जायचे, पैसे भरायचे, पुस्तिकेवर नोंद करून आणायची. १९८०च्या दशकात हे परवाने गेले. ऐकण्यास परवाना लागे तेथे बोलण्याची गोष्ट तर सोडाच. बोलण्याचा हक्क सरकारचा होता आणि तो सरकारने कोणास वाटून दिला नव्हता.

१९७४च्या मे महिन्यातला रेल्वेचा संप आम्ही पाहिला म्हणणार नाही. तेव्हा आम्ही पाटीवर अक्षरे गिरवत होतो. परंतु पुढे भुसावळला युनियनच्या कामास लागलो तेव्हा लोको शेडमधल्या बुजुर्गांकडून त्या दिवसांची हकीकत कितीदा तरी ऐकली. ८ मे रोजी संप सुरू झाला, २७ मे रोजी मागे घेतला गेला. त्या वीस दिवसांत रेल्वे कॉलनीतली माणसे रात्री एका ट्रान्झिस्टरभोवती जमत आणि आवाज बारीक करून बी.बी.सी.ची हिंदी बातमी ऐकत. आपल्याच यार्डात काय चालले आहे ते कळण्यासाठी लंडन लावावे लागे! एक वृद्ध फिटर सांगत, "भाऊ, संपाची बातमी आम्ही करत होतो आणि ती ऐकायला समुद्रापलीकडे कान लावत होतो." पुढच्याच वर्षी २६ जूनच्या सकाळी पंतप्रधानांच्या आवाजात आणीबाणीची घोषणा ऐकू आली ती याच आकाशवाणीवरून. रेडिओ सरकारी खात्याच्या हाती असू नये, असे चंदा समितीने १९६६ सालीच सांगून ठेवले होते. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० साली, अमलात आला १९९७ साली. तीस वर्षे आणि वर एक!

आता जळगावकडे येऊ. जळगावचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले १९७६ साली. ९६३ किलोहर्ट्झ हा आकडा आम्हांला आमच्या जन्मतारखेइतका पाठ आहे. पहिल्यांदाच काटा एका जागी ठेवला आणि भर दुपारी खरखर नाही! रावेर-यावलची केळी, कापसाचा भाव, हतनूरचे पाणी, असल्या गोष्टी रेडिओतून निघू लागल्या. आणि एके संध्याकाळी त्या पेटीतून "आहे"च्या जागी "शे" ऐकू आला. आमची आजी चुलीपुढे बसली होती. ती हातातली भाकर तशीच धरून म्हणाली, "हाई तं आपलंच बोलनं शे!" अहिराणी ही शेतात, बाजारात, भांडणात बोलायची भाषा, तिला शाळेत शिक्षा होई. ती रेडिओतून आली म्हणजे काय झाले, हे ज्याला स्वतःच्या बोलीसाठी छडी खावी लागली नाही त्याला पुरते समजणार नाही. बहिणाबाई चौधरी याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी ऐकून गाणी उतरून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. कोणी तरी ऐकणारा जवळ होता, एवढ्यावर ते धन वाचले. न ऐकलेली किती गेली असतील?

आमचे वडील गिरणीत मागावर होते. मागाच्या खात्यात माणूस शेजाऱ्याशी तोंडाच्या हालचालीवरून बोलतो, कारण शब्द ऐकू येतच नाही. वीस वर्षे त्या गदारोळात उभे राहिलेल्या माणसाचा कान हळूहळू जातो. तो एकदम जात नाही. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, त, क हे वर्ण नाहीसे होतात, बोलणे ऐकू येते पण कळत नाही. घरी वडील रेडिओ मोठा लावत आणि आई ओरडे. गोंगाटाने येणारे बहिरेपण कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले होते, हे आम्हांला कळले ते वडील गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, त्याच कपाटातल्या एका पुस्तकात. आजही धुळ्यात यंत्रमागावर उभा राहणारा गडी आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारतो : घरी टीव्ही किती मोठा लावतोस?

त्याच वडिलांना छातीच्या विकारासाठी एका सरकारी रुग्णालयात दीड महिना ठेवले होते. साल १९८२ किंवा ८३. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. तशी त्या वेळी बहुतेक होती. चाळीस खाटांचा लांब वॉर्ड, मधोमध एक दिवा. दिवसाची वेळ तपासणीत, औषधात जाई. संध्याकाळी पाचनंतर भेटीची माणसे निघून गेली की त्या वॉर्डात जी शांतता पसरे तिचे वर्णन करणे कठीण आहे. माणूस आजाराने खचतो त्याच्या दुप्पट त्या शांततेने खचतो. शेजारच्या खाटेवर चोपड्याकडचा एक शेतकरी होता. त्याच्याजवळ दोन बँडचा ट्रान्झिस्टर. सेल संपत म्हणून सगळ्या वॉर्डाने वर्गणी केली. चार आणे, आठ आणे. आमच्या आयुष्यात आम्ही जमा केलेली ती पहिली वर्गणी! सेल उन्हात ठेवले की थोडे आणखी चालतात, ही विद्याही तेथलीच. रोज जळगाव लागे. तो शेतकरी कापसाचा भाव कान देऊन ऐके. त्याचा कापूस दिवाळीतच विकला गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण भाव चालू असता कोणी खोकलासुद्धा काढीत नसे. एक दिवस वरिष्ठांची फेरी आली आणि ट्रान्झिस्टर उचलून कपाटात बंद झाला. नियम होता म्हणे. आठ दिवसांनी एका वयस्क परिचारिकेने तो काढून दिला, उशीखाली ठेवा म्हणाली. मग उशीखालून वॉर्ड ऐकू लागला.

त्याच वॉर्डात कोपऱ्यात धडगावकडचा एक पावरा तरुण होता. (धडगाव तेव्हा धुळे जिल्ह्यातच, नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १९९८ साली.) त्याला आमची मराठी येईना, अहिराणीही अर्धीमुर्धी. डॉक्टर काय सांगतात ते त्याला कळत नसे, त्याला काय दुखते ते डॉक्टरांना कळत नसे. रेडिओवर बासरी लागली की तो उठून बसे, बोलणे सुरू झाले की भिंतीकडे तोंड करी. अहिराणीला जागा मिळाली म्हणून आम्ही आनंदलो होतो. त्या तरुणाच्या लेखी आमची अहिराणीसुद्धा परक्यांची होती.

विलायतेत या गोष्टीचा विचार फार आधी झाला. यॉर्क शहरातील रुग्णालयात १९२०च्या दशकातच खाटेखाटेपाशी तारा नेऊन कानाला लावायची यंत्रे बसवली गेली. पुढे तेथे रुग्णालयांचे स्वतःचे रेडिओ निघाले. गावातली हौशी माणसे संध्याकाळी येत, रुग्णांची आवडती गाणी विचारून घेत, त्यांची नावे घेऊन लावीत. आपल्याकडे ही प्रथा रुजली नाही. केरळात १९६९ साली निघालेल्या दिनेश विडी कामगारांच्या सहकारी संस्थेत एकाने मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्यायच्या, अशी रीत होती. पुढे तेथे रेडिओही आला. आमच्या मते कामगाराच्या शिक्षणाची याहून चांगली शाळा हिंदुस्थानात फार थोडी झाली.

ऐकणाऱ्याला बोलते करण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रातही झाला होता. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे काढली. कार्यक्रम ऐकायचा, मग आपसात चर्चा करायची, प्रश्न व अडचणी केंद्राकडे कळवायच्या आणि पुढच्या खेपेस केंद्राने त्यांना उत्तर द्यायचे. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे त्यात होते. नाशिकपर्यंत आले, खानदेशात आले नाही. ही तर आपली जुनीच कहाणी आहे! प्रयोग चांगला ठरला, योजना देशभर नेण्यात आली, आणि मग सरकारी योजनांचे होते ते तिचे झाले.

आता कोणी म्हणेल, हे सारे जुने. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, हवे ते बोला. बोलतो खरे, पण ज्याच्या खाटेजवळ ते पोचायला हवे त्याच्याजवळ ते पोचते का? सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला की आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००६ साली सरकारने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढण्यास परवानगी दिली; माणदेशातल्या म्हसवडला बायकांनी तो काढूनही दाखवला. आम्ही मोठ्या आशेने ती नियमावली मिळवली आणि वाचली. राजकीय पक्षांशी संलग्न कामगार संघटनांना परवाना नाही. स्वतःच्या बातम्या देण्यास कोणालाच मुभा नाही. म्हणजे गिरणीच्या जमिनीवर उभे राहिलेले दुकान पैसे भरून रेडिओवर जाहिरात करू शकते. गिरणी बंद पडली तेव्हा थकलेल्या देण्याची तारीख आमच्या युनियनने स्वतःच्या रेडिओवर सांगायची सोय नाही. पक्षीय प्रचाराची भीती आम्हांला समजते. पण मग अट प्रचारावर घाला, माणसावर का?

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ज्या गोड आवाजांनी आपली सकाळ उजाडत असे, त्यांतले पुष्कळसे नैमित्तिक उद्घोषकांचे. देशभरच्या केंद्रांत ही माणसे वर्षानुवर्षे रोजंदारीवर. महिन्यातून मोजके दिवस काम, नोकरी कायम नाही. आम्ही मजूर ज्यांना ऐकत होतो तेही मजूरच होते, आणि ते आमच्याशी केळीच्या भावापासून क्षयाच्या औषधापर्यंत सर्व बोलले, आपल्या मजुरीबद्दल तेवढे बोलले नाहीत.

वॉर्डात तारेवरून आवाज न्यायला आकाशातल्या लहरी लागत नाहीत. यॉर्कला लागल्या नव्हत्या. एक खोली, एक ध्वनिक्षेपक, खाटांपाशी लहान कर्णे, आणि संध्याकाळी पाच ते सात बोलणारी माणसे : एक अहिराणीचा, एक लेवा बोलीचा, एक पावरीचा, एक भिलीचा. केसपेपर कोठे काढायचा, कोणती औषधे फुकट मिळतात, दाखला कोणाकडे मागायचा, आणि मध्ये गाणी. एका रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांशी आमचे बोलणे चालू आहे. यंत्र बसवून द्यायला आमचे दोन वायरमन तयार आहेत, मजुरी न घेता. बोलणारी माणसे कमी आहेत. पावरी बोलणारा अजून एकही मिळालेला नाही. सभागृहात कोणी असेल, किंवा कोणाच्या ओळखीचा असेल, तर त्याने व्याख्यान संपल्यावर पुढच्या दाराशी थांबावे. ज्यांच्या घरी जळगाव केंद्रावरून घेतलेल्या जुन्या कॅसेटी पडून असतील त्यांनीही थांबावे. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एक गडी आम्ही बरोबरच आणला आहे.